कमी पाण्याचा पुरावा

दादर, ९ फेब्रुवारी २०२५

चि. नम्रता हिस, सप्रेम जयभीम.

पत्रास कारण, फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस. मला सिद्ध करायचे आहे ते एवढेच: लालबागची आपली चाळ पाडून टॉवर बांधणे शहराच्या हिताचे नाही. उभी इमारत दुरुस्त केली तर नवे सिमेंट, नवे पोलाद आणि त्यामागचा कार्बन वाचतो. शिवाय चाळीत माणशी पाणी टॉवरच्या मानाने फारच कमी लागते. वाढत्या शहराला अशीच घरे परवडतील. तुम्ही मायलेकी राहता ती खोली माझ्या नावावर आहे. येत्या रविवारच्या सभेत माझे मत दुरुस्तीला. तू नगररचनाकार आहेस, तुझ्या आईलाही हे पटवून दे.

लोभ आहेच, तो तर्काच्या आड येऊ देऊ नकोस.

तुझा राजरत्नकाका

लालबाग, १२ फेब्रुवारी

ती. काकांस, सविनय जयभीम, वि. वि.

पत्र आईला वाचून दाखवले. म्हणाली, भावजींचं अक्षर अजून तसंच आहे, आणि ऐकून न घ्यायची खोडही.

कार्बनचा हिशेब बरोबर आहे. ऑफिसात मी तोच मांडते. पाण्याचा मात्र नाही. संडास गॅलरीच्या टोकाला, आईचे गुडघे गेलेले. म्हणून दुपारनंतर ती पाणीच पीत नाही. शेजारच्या जाईबाईंचेही तेच. आईला पुन्हा मूत्रमार्गाचा संसर्ग झालाय. या खेपेस डॉक्टर मूत्रपिंडाबद्दल बोलले. तुम्ही जिला बचत म्हणता, ती या बायकांची तहान आहे. आई म्हणते, दादरला संडासाचं दार घरातच उघडतं, तिथून चाळ छानच दिसणार.

टॉवर मलाही नको, काका. पण तिला आणखी थांब म्हणणे माझ्याने होणार नाही. रागावू नका, माया असू द्यावी.

तुमची नम्रता

दादर, १७ फेब्रुवारी

चि. नम्रता हिस, सप्रेम जयभीम.

तू कामासाठी बाहेरगावी, म्हणून सभेचे कळवतो. आधी दुपारी तुमच्या घरी गेलो. वहिनींनी मला चहा दिला, स्वतः घेतला नाही. कारण विचारण्याची गरज उरली नाही.

सभेत सांगितले की प्रत्येक खोलीत संडास होणार असेल तरच माझे मत दुरुस्तीला, नाहीतर टॉवरला. सेक्रेटरी अजित म्हणाला, जुन्या भिंतींना एवढे पाइप झेपतील का, ते आराखड्याशिवाय सांगता येणार नाही. मतदान पुढे ढकलले आहे आणि आराखडा तुझ्याकडे मागितला आहे. झेपणार नसेल तर तसेच लिही. माझ्यासाठी आकडा वाकवू नकोस.

चाळीत पाणी कमी लागते, हे मी तिच्या गुणाचे प्रमाण मानले. ते का कमी लागते, हे तिथे राहणाऱ्या एकाही बाईला विचारले नाही. ही चूक माझी आहे. परतलीस की वहिनींनाही हे वाचून दाखव.

राजरत्न कासारे