घोडं राहू द्या, साहेब

९ मार्च. सकाळी ९.
मोबाइलमधल्या कॉम्प्युटरला बुद्धिबळात सलग चौदाव्यांदा हरवलं. लेव्हल दोन. (लेव्हल तीन पाहिली. त्यात उगाच क्लिष्टपणा आहे, मजा नाही.) शेवटी शेवटी एक बाई मोठ्याने आकडे मोजते, लक्ष विचलित होतं. सेटिंगमध्ये जाऊन तिचा आवाज बंद केला.

जमीन खात्यातून रिटायर होऊन सहा महिने झाले, पण बुद्धी शाबूत आहे. आता माणसांशी खेळायचं. माणसांची दया येते, पण इलाज नाही.

११ मार्च.
बाजाराजवळच्या मोटरसायकल-टॅक्सीच्या स्टँडवर गेलो. चिंचेखाली बाक, बाकावर पट, आणि नारिंगी जाकिटातले टॅक्सीवाले भाड्याची वाट बघत खेळत बसलेले. त्यांच्यातला सगळ्यात चांगला म्हणजे विचियन, वय अडुसष्ट. त्याच्याशीच खेळलो. खालच्यांशी खेळून काय मिळणार?

हरलो. ऊन डोळ्यांवर येत होतं.

१२ मार्च.
बाकाची बाजू बदलून घेतली. हरलो. ऊन आता पाठीवर येत होतं.

१५ मार्च.
डाव मध्यावर असताना विचियनचा नंबर लागला आणि तो एका बाईला देवळापर्यंत सोडायला गेला. चाल माझी होती. वीस मिनिटं मिळाली. मी पटाचा संपूर्ण अभ्यास केला, तिन्ही शक्यता तपासल्या, होडी पुढे काढली. तो आला, गाडी स्टँडला लावता लावता उभ्यानेच एक कवडी सरकवली आणि माझी होडी गेली.

(आमच्याकडे हत्तीला होडी म्हणतात आणि प्यादी म्हणजे कवड्या. पलीकडे पोचली की उलटी करून टप्पकन आपटायची. तो आवाज मोबाइलमध्ये नाही.)

१८ मार्च. दुपारी.
एक निरीक्षण नोंदवून ठेवतो. मोबाइल अर्ध्या सेकंदात उत्तर देतो. विचियन देत नाही. गुडघा चोळतो, चिंचेकडे बघतो, "हं" म्हणतो. तेवढ्या वेळात तो काय करणार हे मला माहीत नसतं, आणि मी काय योजलंय हे त्याला माहीत नसतं. आपली चाल झाली की सगळी सकाळ दुसऱ्याच्या हातात. चहा प्यायचंही सुचत नाही.

बायकोला, प्रनॉमला, हे समजावलं. ती ताडगुळाचा पाक ढवळत होती. म्हणाली, तुम्ही सहा महिन्यांत पहिल्यांदा सकाळी दाढी केलीत. याचा काय संबंध ते कळलं नाही. बायकांना स्ट्रॅटेजी कळत नाही.

२१ मार्च.
मोठा शोध. मी बोलायला लागलो की विचियन उजवा कान चोळतो. म्हणजे तो घाबरतो. यापुढे पूर्ण डावभर बोलत राहायचं. याला मानसिक युद्ध म्हणतात.

२२ ते २६ मार्च.
रोज बोललो. खात्यातल्या गोष्टी सांगितल्या. बौद्ध सन २५३९च्या पुरात बुडालेल्या नोंदवह्या मी एकट्याने कशा वाळवल्या तेही सांगितलं. हे घरीसुद्धा कोणाला सांगितलं नव्हतं. त्याने दर वेळी कान चोळला. पाचही डाव हरलो, पण तो हादरलेला आहे.

२९ मार्च.
आज विचियनने नियम सांगितला. समोरच्याकडे नुसता राजा उरला, की तो आपल्या चाली मोठ्याने मोजायला लागतो. ठरलेल्या आकड्यापर्यंत मात केली नाही तर डाव बरोबरीत. आणि गंमत अशी, की जिंकणाऱ्याकडे फौज जास्त तितका वेळ कमी. दोन होड्या असतील तर फक्त आठपर्यंत. शिवाय मोजणी एकपासून नाही, पटावर जेवढ्या सोंगट्या शिल्लक असतील त्याच्या पुढच्या आकड्यापासून. म्हणाला, म्हणून साहेब, समोरच्याला अगदी नागडा करायचा नसतो, त्याच्याकडे एखादी सोंगटी राहू द्यायची आणि निवांत मात करायची.

मी मान हलवली. पस्तीस वर्षं मोजणीतच गेली, मला कोण शिकवणार. शिवाय दयामाया ठेवून डाव जिंकता येत नाहीत.

२ एप्रिल.
वाईट बातमी. सोंगक्रानला, म्हणजे नववर्षाच्या पाणी उडवायच्या सणाला, विचियनची मुलगी येणार आहे आणि त्याला तिच्याकडे समुद्राकाठी रायोंगला घेऊन जाणार आहे. कायमचं. गुडघ्यांना आता गाडी झेपत नाही म्हणे. नारिंगी जाकीट दुसऱ्याला देऊनही झालं.

माझ्या हातात दहा दिवस. स्कोअर सतरा-शून्य. एकदा तरी जिंकलंच पाहिजे, नाहीतर तो माझ्याकडून न हरता निघून जाईल आणि मग आयुष्यभर लोक काय म्हणतील? बाकी मला त्याच्या जाण्याचं काही नाही. रात्री जेवण गेलं नाही, पण ते उन्हामुळे.

५ एप्रिल.
प्रनॉम स्टँडवर मिठाईचा डबा द्यायला आली होती. घरी येताना म्हणाली, तुम्ही बोलायला लागलात की ते बिचारे कानातलं मशीन बंद करतात, ते दिसतं का तुम्हाला?

म्हटलं, कुठलं मशीन?

म्हणाली, ऐकू येण्याचं. बटण उजव्या कानामागे आहे.

५ एप्रिल. संध्याकाळी.
विचार केला. मानसिक युद्ध कानातून लढायचं असतं असं कुठे आहे? पण पुरातल्या नोंदवह्यांचं वाईट वाटलं. चांगली सांगितली होती मी ती गोष्ट.

८ एप्रिल.
गप्प बसून खेळलो. हरलो. मध्येच विचियनने विचारलं, साहेब, तब्येत बरी नाही का?

१२ एप्रिल. सकाळचा डाव संपल्यावर लगेच लिहितो आहे.
आज शेवटचा डाव. मुलगी दुपारी येणार. रस्त्यावर आजपासूनच पाणी उडवणं सुरू, म्हणून विचियनने मशीन प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवलं होतं. बोलण्याचा प्रश्नच मिटला.

पहिल्यापासून माझा जोर. त्याने एक होडी अशी ठेवली, की आंधळ्यानेही मारावी. मारली. मग दुसरी. टॅक्सीवाले एकमेकांकडे बघायला लागले, माझा खेळ पाहून असणार. माझी शेवटची कवडी पलीकडे पोचली, उलटी करून अशी आपटली, की चिंचेवरची पाखरं उडाली. माझ्याकडे दोन होड्या, एक घोडा, ती कवडी आणि राजा. त्याच्याकडे राजा आणि एक लंगडं घोडं.

तो मोठ्याने म्हणाला (ऐकू येत नसल्यामुळे सगळंच मोठ्याने), घोडं राहू द्या, साहेब.

घाबरला, मी ओळखलं. घोडं मारलं.

विचियनने पटाकडे बराच वेळ पाहिलं. चिंचेकडे पाहिलं. मग सुस्कारा सोडून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडला, सात. मी राजाला शह दिला. तो बाजूला सरकला आणि ओरडला, आठ. आणि हात पुसून उठला.

मी म्हटलं, हे काय? एक टॅक्सीवाला म्हणाला, बरोबरी, साहेब. सहा सोंगट्या होत्या पटावर, बोटांवर मोजा. मी मोजल्या. दोनदा मोजल्या.

विचियन म्हणाला, मी हरायला तयार होतो, पण खोटं मोजायला नाही. हे तो अब्रू राखायला म्हणाला असणार. तरी मला रडू आलं. सरळ लिहितो, इथे कोण वाचतंय.

मग त्याने खिशातून पिशवी काढली, मशीन कानात बसवलं, बटण दाबलं आणि माझ्यासमोर बसला. म्हणाला, बोला आता, साहेब. त्या पुरातल्या वह्यांचं पुढे काय झालं? त्या दिवशी मी बटण जरा उशिराच दाबलं होतं.

महिनाभर इतकं बोललो आणि आज तोंडच उघडेना. मुलगी आली, सामान चढलं. जाताना गाडीतून तो ओरडला, की एक डाव बाकी आहे. मी हात हलवला. कोणीतरी माझ्यावर बादलीभर पाणी ओतलं, ते बरं झालं.

१३ एप्रिल.
हिशेब: सव्वीस डाव, पंचवीस पराभव, एक बरोबरी. बरोबरी म्हणजे तत्त्वतः विजयच. शेवटचा निकाल धरतात.

१७ एप्रिल.
स्टँडवर गेलो नाही. तिथले बाकीचे खेळाडू माझ्या दर्जाचे नाहीत. (कालचे दोघे धरून.)

२१ एप्रिल. सकाळी १०.
रायोंगला जाण्याचा विचार आहे. समुद्राची हवा, दुसरं काही नाही. दाढी केली नाही.

कॉम्प्युटरला अकरा मिनिटांत हरवत आणलं. लेव्हल दोन. सगळं मारून घेतलं, समोर नुसता राजा ठेवला आणि पुराची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. वह्या मंदिराच्या अंगणात वाळत घातल्या होत्या आणि शेवटची वह्यांची चळत माकडांनी नेली, तिथपर्यंत. त्याने कान चोळला नाही.

मग सेटिंगमध्ये जाऊन मोजणीचा आवाज चालू केला. प्रनॉम आतून म्हणाली, अहो, ती बाई काय आकडे ओरडतेय, बंद करा ते.

म्हटलं, राहू दे.