तळघरातलं कोरियन

३ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ९.
आजपासून रोजनिशी. उद्या कोणी विचारलं, हे सगळं उभं कसं केलंत, तर तारखांसकट सांगता यावं.
हॉटेल सुरू झालं. अख्ख्या भागातलं पहिलं कोरियन. जागा मेहुण्याच्या गाद्यांच्या दुकानाखालचं तळघर. आचारी वीस वर्षं हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये होता, पथ्याच्या जेवणात हातखंडा. कोरियन जेवण म्हणजे पथ्याचंच, फक्त लाल.
खरा उद्देश इथंच लिहितो, बायकोला सांगितला तर हसेल. लेक दोन वर्षं दार लावून कोरियन मालिका बघतेय. माझ्याशी बोलणं म्हणजे ‘हं’ आणि ‘नको’. तीस तारखेला होस्टेलला जाणार. त्याआधी तिनं इथं यावं, माझ्यासमोर बसावं, जेवता जेवता चार शब्द बोलावेत. एवढंच. धंदा काय, होईलच.

५ ऑगस्ट.
लेक आली! जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबली, फोन वर धरला, म्हणाली, बाबा, इथं रेंजच नाही. आणि गेली. एकूण मुक्काम अकरा सेकंद. पण आली, हे महत्त्वाचं.
रेंज नाही हे खरंय. जाड भिंती, वर गाद्यांची थप्पी. पण लोक जेवायला येतात की फोनवर बोलायला? बाहेर पाटी लावली: ‘इथे फोन लागत नाही. एकमेकांशी बोला.’ बायको म्हणाली, आधी घरात लावा ती. दुर्लक्ष केलं.

८ ऑगस्ट.
आचारी किमची, म्हणजे त्यांचं कोबीचं लोणचं, शिकतोय. व्हिडिओवरून. तिसऱ्या पायरीवर एक काडी रेंज मिळते, तिथं उभा राहून बघतो, मग धावत खाली येऊन करतो. व्हिडिओ दर वेळी कोबीला मुठीमुठीनं मीठ चोळतात तिथंच अडकतो. गोल गोल फिरत बसतो. सुरू होतो तेव्हा थेट लाल मसाला. मध्ये फार काही नसणार.

१२ ऑगस्ट.
किमची अंमळ खारट. आचाऱ्यानं चाखली आणि तांब्याभर पाणी प्यायला. म्हटलं, तीन बाजूंनी समुद्र असलेला देश आहे, असणारच.
दहा दिवसांत गिऱ्हाईकं दोन. एकानं रस्ता विचारला.

१७ ऑगस्ट.
म्हटलं नव्हतं? दुपारी अकरा जण! सगळे एकेकटे. एक टायवाले विम्याचे गृहस्थ रोज येतात, एक रामेन घेऊन दोन तास बसतात. मध्येच टेबलावर डोकं टेकून डोळे मिटतात. खरा खवय्या. असा रस घेऊन खाणारा माणूस मी पाहिला नाही. आज नूडल्स तशाच राहिल्या होत्या, पण पोट भरलं असेल.

२० ऑगस्ट.
वीस! टायवाल्यांचे साहेब आले. वाटलं, याला शोधत आले, आता तमाशा होणार. कसलं काय, ते दुसऱ्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसले. दोघांनी रामेन मागवलं. दोघांनी ओळख दाखवली नाही. चवीपुढे माणूस सगळं विसरतो.

२२ ऑगस्ट.
लेकीला म्हटलं, वीस लोक येतात, आता तरी ये. म्हणाली, रेंज आली की बघू.
ठरलं. बूस्टर बसवायचा. आचारी म्हणाला, शेठ, चाललंय ते चालू द्या. बायकोही तेच म्हणाली. दोघांनाही दूरदृष्टी नाही. रेंज आली की विसाचे चाळीस होतील.

२५ ऑगस्ट. दुपारी २.
बूस्टर बसला. चारही काड्या! एक वाजून दहा मिनिटांनी चालू केला आणि वीस फोन एकदम वाजले. साहेबांनी कोपऱ्यातून टायवाल्यांना फोन लावला, कुठे आहात? टायवाले टेबलाखाली वाकून म्हणाले, क्लायंटकडे, सर. साहेब म्हणाले, मीही मीटिंगमध्येच आहे.
एक पंचवीसला तळघर रिकामं. लोकांना कामं असतात.
आचाऱ्यानं आज पहिल्यांदा अख्खा व्हिडिओ पाहिला. मध्ये कोबी तीन वेळा धुवायचा असतो म्हणे. म्हटलं, बोभाटा नको.

२७ ऑगस्ट.
कोणी नाही. नवीन सोयीला लोक हळूहळू सरावतात.

२८ ऑगस्ट.
टायवाले रस्त्यात भेटले. म्हणाले, अहो, काय केलंत हे! तुमच्याकडे तासभर झोप लागायची. मी जेवणाचं विचारणार होतो. नाही विचारलं.

२९ ऑगस्ट, शनिवार.
लेक आली. खाली उतरली, फोन बघितला, बसली. मी समोर बसलो. किमची नवीन घातलेली, तीनदा धुतलेली. मी स्वतः वाढली.
तिची मान खाली. विचारलं, सामान भरून झालं? हं. पांघरूण घेतलंस? हं. आणखी वाढू? नको.
बोलण्याआड बाप येतोय असं वाटलं, म्हणून काउंटरवर जाऊन मेसेज पाठवला: ‘कसं झालंय, बाळा? तू गेलीस की मला करमणार नाही.’ तोंडानं कधी म्हणालो नसतो. ती फोनकडे बघून हसली. इतकी गोड हसली की मला भरून आलं. दोन वर्षांनी हसवलं मी तिला.
मग फोन बघितला. माझा मेसेज तिनं उघडलाच नव्हता.
चाळीस मिनिटं बसली. जाताना म्हणाली, बाबा, इथं नेटवर्क मस्त आहे.

३० ऑगस्ट. दुपारी ४.
बस साडेबाराला सुटली. मेसेज अजून तसाच आहे. प्रवासात असेल.
मेहुणा येऊन गेला. उद्यापासून तळघरात गाद्या ठेवतोय. बूस्टर राहू दे म्हणाला.