डझनावरचा आंबा

मंगळवार, संध्याकाळ. मुलुंड.

लहानपणी आमचा वर्ग एका सुरात पाढे म्हणायचा. तो सूर आज दिवसभर कानात आहे. थकलोय.

नातीच्या गणितात विचारलं होतं, आंबे डझनाने घेणं स्वस्त की पेटीने? मी डझनात तेरा धरले, म्हणून डझन स्वस्त निघाला. आमच्या गावी एक आंबा वर मिळायचाच ना! शाळेतल्या बाईंनी फुली मारली.

"आबा, वाट लावलीस माझी! मी शिकवणीलाच जाते," म्हणाली आणि गेलीसुद्धा. आता मला काही विचारेल का? निदान कवितेचा अर्थ तरी? आणि तो वरचा आंबा, तो चूक कसा?

बेल वाजली. एवढ्यात कोण? दारात नातच, शिकवणी अर्धी टाकून आलेली.

"आबा, शिकवणीच्या गणितात आता नारळ आलेत. गावी शंभरावर किती वर द्यायचे रे?"