लिंबाच्या चवीच्या दोन पुड्या

३ नोव्हेंबर
इथे कॅनडातच, मिसिसॉगाच्या लेकीकडून आले एकदाची ज्युडकडे, रिचमंड हिलला! लेकाने बेसमेंट असं सजवलंय की वसईची मेव्हिस मडमीण झाली म्हणा. सून जेनेल कचरत म्हणाली, की तिचे डॅडी आल्बर्ट याच खोलीत राहायचे. दोन वर्षांपूर्वी आतड्याच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी झोपेतच गेले. कशाने, ते कळलंच नाही. अगं, व्याह्यांना काय भ्यायचं! माझंही तेच ऑपरेशन बारा तारखेला. गाठ निघाली की सुटले. मेमध्ये चर्चमध्ये नातीचं फर्स्ट कम्युनियन आहे, पांढरा फ्रॉक मीच शिवणार.

७ नोव्हेंबर
पोट साफ करायला नर्सने चार लिटर औषधाचा जग दिलाय. माझ्या किडन्या कमजोर, म्हणून हाच घ्या म्हणे. चार लिटर! म्हैस आहे का मी? कपाटात व्याह्यांचे दोन खोके सापडले. एक रिकामा, दुसऱ्यात त्याच कामाच्या दोन पुड्या, लिंबाच्या चवीच्या. तारीख उलटलेली नाही. वाया कशाला घालवायच्या?
खोका उचलला तर जिन्यावर राखाडी स्वेटरवाला कोणी बसलेला. वळून पाहिलं, कोणी नाही. जेनेलला सांगितलं तर तिचा चेहराच उतरला. स्वेटर डॅडींचाच, म्हणाली.

९ नोव्हेंबर
भरदुपारी व्याही कपाटापुढे उभे! दोन्ही हात पाठीशी, बरगड्यांखाली दाबलेले, मान नाही-नाही हलवताहेत. मी चिडले. व्याहीबुवा, मेल्यावरही पुड्यांवर एवढा जीव? बाजूला सारायला गेले तर हात धुक्यातून गेल्यासारखा आरपार गेला. पण पुड्या मीच घेणार.

११ नोव्हेंबर, सकाळ
पोरं कामावर. जग सिंकमध्ये ओतला. पहिली पुडी घेतली, लिमलेटसारखी गोड.

दुपार
दुसऱ्या पुडीचा ग्लास आपोआप टेबलाच्या कडेला सरकत होता. धरला, प्यायले.

नंतर
तोंड तापलंय. डोळ्यांवर झापड. हात जड — खोक्यावर लाल लेबल — आत्ता वाचलं — किडनीचा त्रास असेल तर घेऊ नये —
म्हणजे ते पाठीवर हात दाबून हेच दाखवत होते. किडन्या — त्यांच्याही खराब — याच पुड्यांनी गेले — आणि मी त्यांना काय काय बोलले —

फोन वर किचनमध्ये. तेरा पायऱ्या. दोन चढले. पाय उचलवत नाही —

फ्रॉक नुसता कापून ठेवलाय —

व्याही आले. रडताहेत. हात पुढे केलाय. धरला —
घट्ट धरता येतोय. परवा आरपार गेला होता. आज धरता येतोय म्हणजे मी —