करवतीच्या पेटीवरचा दोरा

मी, श्री. जयसिंग कोंडीराम ढमढेरे, वय ७३, निवृत्त फिटर, राहणार वारजे, पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दबावाखाली नसताना आणि दाराला आतून कडी न लावता (ही सूनबाईंची अट) लिहून ठेवत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. धाकटे बंधू रावसाहेब पुढे ‘दादाचं डोकं फिरलं होतं’ म्हणणार, हे मला आजच माहीत आहे.

१. राहता फ्लॅट व बँकेतील शिल्लक माझा एकुलता मुलगा चि. केयूर यास मिळावी. माझे कपाट उघडताना त्याने शेजारच्या कोणाला मदतीला घेऊ नये.

२. ड्रिल मशीन रावसाहेबांना द्यावे. २०११ साली त्यांनी ते नेले आणि डुगडुगणारे परत आणले. वर म्हणाले, “आधीपासूनच हलत होतं, दादा.” तर आता हलणारेच वापरावे.

३. मागेपुढे चालणारी विजेची करवत. हिच्याबाबत सविस्तर लिहितो, कारण सगळ्यांचा डोळा हिच्यावरच आहे. दुकानदार बॅटरीवाली माझ्या गळ्यात मारत होता. मी वायरवाली घेतली. हातात धरून वजन पाहिले, बटण हळूहळू दाबून वेग ताब्यात राहतो का ते पाहिले, पुढचा लोखंडी बूट, म्हणजे कापताना टेकवायची पट्टी, हलवून पाहिला. दुकानदार म्हणाला, “काका, मुलगी बघायला आलात का?” त्याचे बिल मी दोनदा तपासले.

खडकीच्या कारखान्यात छत्तीस वर्षे गेटवर रोज झडती दिली. निवृत्तीनंतर झडती घेणारा मीच झालो. करवतीच्या पेटीला काळा दोरा बांधून गाठीवर मेणाचा थेंब टाकत असे. घरात बजावले होते, “मी मेल्याशिवाय हिला कोणी हात लावायचा नाही.”

गेल्या श्रावणात मी बाथरूममध्ये पडलो. आतून कडी होती. शुद्धीवर आलो तो दवाखान्यात. घरी आल्यावर आधी पेटी पाहिली. दोरा होता, मेणही होते, पण गाठ माझी नव्हती. संशय अर्थातच रावसाहेबांवर. सहा महिने त्यांचा फोन घेतला नाही.

परवा माळ्यावर बाथरूमची जुनी कडी सापडली. सूनबाई सौ. भाग्यश्री यांना विचारले, “ही कुणी कापली?”

“सुतारानं, बाबा.”

“पत्ता द्या त्याचा.”

“तो गावाला गेलाय.”

सुताराने दार फोडले असते. ही कडी दार-चौकटीच्या फटीतून सरळ कापलेली, तीही लोखंड कापायच्या बारीक दातांच्या पात्याने. चौकटीवर करवतीच्या लोखंडी बुटाचा दाब उमटलेला, म्हणजे करवत उडू दिलेली नाही. मी विचारले, “आणि गिझर चालूच होता?”

“छे, तो आधी बंद केला मी. तुम्हीच सांगता ना, ओल्या जागी...” एवढे बोलून त्यांनी जीभ चावली.

माझी आज्ञा त्यांनी पाळली असती, तर हे लिहायला मी उरलो नसतो. मला लाज वाटली. तोंडाने बोलता आले नाही, म्हणून येथे लिहितो. रावसाहेबांना फोन केला. ड्रिलबाबतचे मत कायम आहे.

करवत, सर्व पाती व कापताना लावायचा चष्मा सौ. भाग्यश्री यांना मिळावा. पाते बदलताना प्लगची पिन काढावी. कापून झाल्यावर पाते तापलेले असते, लगेच हात लावू नये. ओढणी आवरावी. भिंतीत पाते घालण्यापूर्वी आत वायर किंवा पाइप नाही ना, ते पाहावे. त्यांना हे माहीत आहे, तरी लिहितो. पेटीला दोरा बांधू नये.

४. आत्ता भाग्यश्री चहा घेऊन आल्या. घरातल्या प्रत्येक कागदावर साक्षीला त्यांची सही असते. आज मी कागद हाताने झाकला आणि शेजाऱ्यांना बोलवायला सांगितले. त्यांचा चेहरा उतरला. तरी हे कलम त्यांना सर्वांत आधी वाचून दाखवावे. ज्याला मृत्युपत्राने काही मिळते, त्याने त्यावर साक्ष घालायची नसते, म्हणून तुमची सही घेतली नाही. तुमच्यावर माझा संशय नाही.

आम्हां दोघांसमक्ष श्री. ढमढेरे यांनी वाचून सही केली :
साक्षीदार १. डॉ. शेफाली गोडसे
साक्षीदार २. श्री. दशरथ पायगुडे

(सही) जयसिंग कोंडीराम ढमढेरे
वारजे, पुणे. दि. १६ फेब्रुवारी २०२५