डंपरभोवतीची फेरी

प्रिय अहो,

उभ्या आयुष्यात तुमचं नाव घेतलं नाही, आता कागदावर तरी कसं घेऊ? तुम्हाला जाऊन दोन वर्षं होत आली. इतके दिवस पत्र लिहावंसं वाटलं नाही, कारण तुमच्याबद्दल सगळं मला माहीत आहे, असंच मी धरून चालले होते. परवा कमल नावाची एक बाई घरी आली आणि माझा तो समज गेला.

बाजारात न्यायची शेवंती निवडत मी ओट्यावर बसले होते. ती सिन्नरहून पत्ता विचारत विचारत आलेली. "डंपरवाले दादा इथंच राहतात ना?" तुम्ही गेल्याचं तिला ठाऊकच नव्हतं. मी सांगितलं तशी ती माझ्याशेजारी खालीच बसली. हातात लेकीची लग्नपत्रिका. "मला कुणी सांगितलंच नाय, वहिनी," एवढंच म्हणाली. कोण असेल ही, तुमच्यासाठी डोळे पुसणारी? मी पाणी दिलं आणि विचारलंच.

तिनं काय सांगितलं, त्याआधी मला ती वीसेक वर्षांपूर्वीची खंडेनवमी सांगू द्या. तुमच्या डंपरला झेंडूचे हार घेऊन मी खाणीवर आले होते, आठवतं? घरातून निघताना पंखा बंद केला की नाही हे तुम्ही कधी पाहिलं नाही. तिथं मात्र तुमचं वेगळंच रूप. डंपरचं चाकच माझ्यापेक्षा उंच, आणि तुम्ही हातोडीनं त्याचा एकेक नट ठोकून पाहत होतात.

"काय ऐकता एवढं?"

"घट्ट नट खणकन वाजतो. ढिला असला की आवाज बद्द येतो."

मी हातोडी मागून घेतली आणि ठोकून पाहिलं. मला सगळे सारखेच वाजले. तुम्ही हसलात आणि गाडीत चढण्याआधीची तुमची रोजची फेरी पुढे चालू. टायरमध्ये दगड अडकलाय का, जमिनीवर तेल सांडलंय का, आरसे, हॉर्न, ब्रेकच्या हवेचा काटा. शेवटी गुडघे टेकून डंपरच्या खाली पाहिलंत.

"खाली काय असतं?"

"काही नसावं म्हणून बघायचं."

मला वाटलं, ही तुमची नेहमीची बोलण्याची तऱ्हा. पुढे काही विचारलं नाही. एरवी भाजीवाल्यालाही दहा प्रश्न विचारणारी मी, त्या दिवशी गप्प का राहिले?

कमल त्याच खाणीत खडी फोडायची. त्या खंडेनवमीच्या आधीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. नवरा सोडून गेलेला, घरी कोणी नाही, म्हणून तान्ही लेक कामावर आणायची. उघड्या खाणीत सावली कुठली? जेवणाच्या सुट्टीत एक डंपर उभा दिसला. तिनं मागच्या चाकांच्या मधे, वरच्या लोखंडाला लुगड्याची झोळी बांधली, पोरीला निजवलं आणि पाणी आणायला गेली. लगेच येते म्हणून गेली, पण टाकीवर गर्दी होती.

तेवढ्यात तुमची पाळी सुरू झाली. मुकादम ओरडत होता, "आत्ता तर गाडी चालवून आणलीय, इंजिन गरम हाय. परत काय बघायचं तिच्यात? चढा लवकर." हे तिनं लांबून ऐकलं. घागर टाकून ती पळत सुटली.

ती पोचली तेव्हा तुम्ही डंपरखाली मांडी घालून बसला होतात. मांडीवर पोर, आणि डंपरची किल्ली तुमच्या शर्टाच्या खिशात. ती तिथंच थबकली. आता शिव्या बसणार, काम जाणार. तुम्ही म्हणालात, "झोपलीय. उठवू नको. पण उद्यापासून हिला इथं बांधायचं नाही."

मुकादम पुन्हा ओरडत आला तेव्हा तुम्ही खालूनच सांगितलंत, "ऑइल गळतंय. वेळ लागेल." गाडीच्या बाबतीत कधी खोटं न बोलणारा माझा नवरा, मांडीवर परकं पोर घेऊन धडधडीत खोटं बोलला. हे ऐकून मला हसूच आलं, आणि मग कितीतरी वेळ शेवंतीवर हात चालेना.

दुसऱ्या दिवशी तुम्ही टेकडीच्या कडेला चार बांबू रोवून बायकांच्या पोरांसाठी ताडपत्रीचा आडोसा केलात म्हणे. निळी ताडपत्री. फुलं झाकायची आपली निळी ताडपत्री त्या उन्हाळ्यात नाहीशी झाली होती. मी घरभर विचारत फिरले, आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, "वाऱ्यानं गेली असेल." अहो, सांगितलं असतंत तर दुसरीही दिली असती.

का नाही सांगितलंत? मी डंपर सोडायला लावीन, ही भीती होती का? लावलाच असता. की त्या संध्याकाळी सांगायला आलात आणि मी काही कामात होते? मी ती संध्याकाळ शोधते आहे. आपल्या लेकीला तुम्ही त्या दिवशी जरा जास्त वेळ मांडीवर घेतलं होतं का? ते फक्त तुम्हालाच माहीत, आणि शेवटच्या आजारपणात तर तुम्हाला बोलण्याएवढा दमही उरला नव्हता.

लग्न वणीला आहे. कमलला भाऊ नाही. ती तुम्हाला मामा म्हणून बोलवायला आली होती, नवरीला मांडवात आणायला आणि मंगलाष्टकांच्या वेळी तिच्या मागं उभं राहायला. पोरीला लहानपणापासून ठाऊक आहे, आपला मामा डंपर चालवतो.

निघताना कमल म्हणाली, "मामा नाय तर मामी येईल ना?"

मी म्हटलं, "अगं, माझ्यासारखीनं मांडवात पुढं व्हायचं? लोक काय म्हणतील?"

"त्या दिवशी डंपरखाली लोक नव्हते, वहिनी," ती म्हणाली.

जाऊबाईंना हे पटलेलं नाही. मलाही रात्रभर धास्ती होती. पण आज सकाळी मी कपाटातून हिरवी साडी काढून उन्हात घातली आहे. पोरीचा हात धरून मी तिला मांडवात आणीन, आणि शेवटची अक्षत पडेपर्यंत तिच्या मागून हलणार नाही. हा माझा शब्द.

तुमचीच,
सुमन