चिंचेखालची वॅगन

४ ऑक्टोबर

बॉनेट उघडले. उंदरांनी वायर कुरतडल्या आहेत, हवेच्या फिल्टरच्या डब्यात धानाचा कोंडा. पिस्टन अडकलेले— पुढून हँडल घालून जोर लावला तरी केसभर हलत नाहीत!

परवा ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले. काचबिंदू. बाबांचा उजवा डोळा गेलाच, डावा जानेवारीपर्यंत धरून चाला. आरमोरीला बसमधून उतरताना बाबा एवढेच म्हणाले, "एकडाव वॅगन चालवू दे मले. मंग जाऊ दे."

अकरा वर्षे ती चिंचेखाली उभी आहे. त्याआधी याच गाडीतून बाबांनी अर्ध्या तालुक्यातले पेशंट दवाखान्यात नेले. मागची सीट पाडली की माणूस गादीसकट मावायचा.

मी आयटीआय दुसऱ्या वर्षी सोडली. मोबाइल दुरुस्तीचा कोर्स महिन्याभरात. आई त्यावर काही बोलत नाही, म्हणून जास्त लागते. हे सोडायचे नाही.

९ ऑक्टोबर

प्रत्येक नट-बोल्ट वेगळ्या डबीत, डबीवर चिठ्ठी. एक चिठ्ठी तीनदा लिहिली. बाबा खुर्ची टाकून शेजारी बसतात, कोणता बोल्ट कुठला ते सांगतात.

१७ ऑक्टोबर

पेट्रोलची टाकी उतरवली. आत गंजाचा चिखल. जानेवारीला अडीच महिने. झोप नीट नाही.

२८ ऑक्टोबर

स्टँडजवळचे धनराजभाऊ मेकॅनिक येऊन पाहून गेले. म्हणाले, प्लग काढ, भोकांतून पातळ तेल सोड, पंधरा दिवस मुरू दे. "घाई करशील तं पिस्टनच तुटन."

पातळ तेल घरात होतेच! बुधरीबाई कुरखेड्याकडून मोहाच्या टोळीचे, म्हणजे बियांचे, तेल आणून देते, आई त्यात भाजी करते. दुपारच्या उन्हात पाण्यासारखे होते. चारही भोकांत मोजून सोडले.

२ नोव्हेंबर

हात लावला नाही. लावावासा चारदा वाटला.

६ नोव्हेंबर

बाबा आता डब्यांवरच्या चिठ्ठ्या माझ्याकडून वाचून घेतात. म्हणालो, अक्षर लहान झाले का? म्हणाले, नाही, तू वाचतोस ते बरं वाटते. मग बोल्ट हातात घेऊन बोटांनी फिरवत बसले.

१४ नोव्हेंबर

थंडी पडली. पहाटेच हँडल मारले. पहिल्यापेक्षा घट्ट! भोकात तार घातली तर पांढरा गोळा चिकटून आला. काय तुटले, काय विरघळले, काही कळेना. ओट्यावर डोके धरून बसलो.

बाबांनी तार मागितली. हुंगली. "टोळीचं तेल होय ना रे हे?" आणि हसायला लागले— डॉक्टरांकडून आल्यापासून पहिल्यांदा. आई बाहेर आली, तीही हसली.

थंडीत टोळीचे तेल तुपासारखे गोठते. आई रोज सकाळी तेलाचा डबा चुलीजवळ सरकवते, तेल वितळले की मगच फोडणी. बावीस वर्षे हे पाहत आलो. इंजिनात ओतताना एकदाही आठवू नये!

बुधरीबाई नेमकी दुपारी आली. तिला आईने सगळे सांगितले. जाताना मला म्हणाली, "आता इंजिनाले बी चुलीजवळ बसव, बाबू."

१५ नोव्हेंबर

बसवले. टाकी आधीच काढलेली, त्यामुळे भीती नव्हती. तरी पाण्याची बादली जवळ ठेवली. दोन बादल्या. घमेल्यात चुलीतला आर, लाल निखारे, भरून इंजिनखाली सरकवला. दोन तासांनी तेल वितळले, ते उपसून काढले. घमेले दूर नेऊन विझवले, मग भोकांत त्याऐवजी डिझेल सोडले.

२१ नोव्हेंबर

हँडल एक बोट हलले! बाबांनी ते आधी ओळखले. मी म्हणायच्या आत म्हणाले, "हाललं."

३ डिसेंबर

पिस्टन मोकळे. चारही दारांना लाल प्रायमर मारला. बाबांनी वाळल्यावर दारावर तळहात फिरवला. "पांढरी झकास दिसून राह्यली." थट्टा करत असावेत. पांढऱ्या रंगाचा डबा अजून फोडलेलाही नाही.

१९ डिसेंबर

ब्रेक धरत नाहीत. सगळे पुन्हा खोलले. बाबांना डॉक्टरांकडे दाखवायची तारीख कालची होती. ते म्हणाले, पुढच्या महिन्यात जाऊ, तू तुझं कर. मी वाद घातला नाही. घालायला हवा होता. मला ब्रेकची घाई होती.

३० डिसेंबर

टाकी धुऊन बसवली. ब्रेक ठीक. तीनदा तपासले. जेवल्यावर परत एकदा.

११ जानेवारी

सुरू झाली!! आधी दोनदा खोकली, काळा धूर, मग एकसारखी. आईने पदर तोंडाला लावला. धूर होता म्हणून, असे म्हणते. बाबा बॉनेटवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. मी बंद करायला गेलो तर म्हणाले, "राहू दे जराशी."

उद्या बाजार नाही. पटांगण रिकामे असेल. धनराजभाऊ गाडी तिथपर्यंत आणून देणार आहेत.

१२ जानेवारी

बाबा ड्रायव्हर सीटवर बसले. मी विचारले, समोरचे खांब दिसतात ना?

"दिवाळीपासून काईच दिसत नाई मले, संघपाल. सांगितलं असतं तं हे बी तू अर्ध्यात सोडलं असतं."

मी बाजूच्या सीटवर बसलो. हात हँडब्रेकवर ठेवला. बाबांनी क्लच सोडला.

डावीकडे, बाबा. अजून थोडं. हां. आता सरळ.